दुसरा नोड खरंच उभा राहील का? साखर कारखान्यातल्या फेलओव्हर क्लस्टरच्या देखरेखीच्या नोंदी

एका सहकारी साखर कारखान्यातला दोन नोडचा विंडोज फेलओव्हर क्लस्टर (दोन सर्व्हरची जोडी; एक पडला की त्याचं काम दुसरा उचलतो, तोच फेलओव्हर) गळीत हंगामाआधी नीट देखरेखीखाली आणायचा, एवढंच हे काम. विंडोज सर्व्हर २०१९, त्यावर एसक्यूएल सर्व्हर २०१९ची स्टँडर्ड आवृत्ती (तिच्यात दोनच नोड चालतात, आम्हाला तेवढे पुरतात) आणि दोन्ही नोडना आयस्कझीवरून (नेटवर्कमधून डिस्क जोडायची पद्धत) जोडलेलं एकच सामायिक स्टोरेज. ऊसनोंद, तोडणीचा कार्यक्रम, वजनकाटा, शेतकऱ्यांची बिलं, सगळं या एका डेटाबेसवर. हंगामात काटा चोवीस तास चालतो. तो थांबला की ट्रॉल्यांची रांग रस्त्यावर येते, तोडलेला ऊस उन्हात वाळतो आणि वजन घटतं. ते नुकसान थेट शेतकऱ्याचं. खाली रोल म्हणजे क्लस्टर एका नोडवरून दुसऱ्यावर हलवतो ती डेटाबेसची सेवा, नोड १ म्हणजे तो रोल नेहमी जिथे चालतो तो, नोड २ म्हणजे राखीव.

४ सप्टेंबर २०२५

आधीची देखरेख म्हणजे दोन्ही सर्व्हरना पिंग आणि काट्याचा प्रोग्राम उघडतोय का ते बघणं. फेलओव्हर क्लस्टर मॅनेजर उघडला तर दोन्ही नोड ‘अप’, रोल ‘रनिंग’, सगळं हिरवं. पण सिस्टम लॉगमध्ये फेलओव्हर-क्लस्टरिंगचा सोर्स लावून गाळल्यावर इव्हेंट १५६२ (विटनेसचा शेअर फोल्डर तपासणीत मिळाला नाही) रोज संध्याकाळी ऑफिस सुटण्याच्या सुमारास दिसला. लॉग जितका मागे जातो तितका मागे.

विटनेस म्हणजे दोन नोडांखेरीजचं तिसरं मत. त्यासाठी नेमलेला शेअर फोल्डर शेतकी विभागातल्या एका साध्या पीसीवर होता. ऑफिस सुटलं की पीसी बंद. सकाळी पीसी सुरू झाला की क्लस्टर काही वेळाने विटनेसला पुन्हा ऑनलाइन आणतो. त्यामुळे ऑफिसच्या वेळात जो कोणी बघेल त्याला सगळं ठीकच दिसणार.

रात्री काय होतं ते आज थांबून पाहिलं. क्लस्टर चालू राहायला मतांचं बहुमत लागतं, तोच क्वोरम. विटनेस गेला की दोन नोडची दोन मतं उरतात, आणि बरोबरी टाळायला डायनॅमिक क्वोरम (मतं आपोआप जुळवून घेणारी सोय) एका नोडचं मत काढून घेतो. गेट-क्लस्टरनोड ही कमांड चालवून डायनॅमिकवेट (नोडचं त्या क्षणीचं मत) बघितलं: नोड १ ला शून्य, नोड २ ला एक. रोल एकीकडे, मत दुसरीकडे. अशा वेळी राखीव नोड २ ची वीज अचानक गेली तर व्यवस्थित चालणारा नोड १ क्वोरम हरवतो आणि क्लस्टर सेवा बंद करतो. इव्हेंट ११७७ तोच. नोड २ रीतसर शटडाउन केला तर मत आधी हलवलं जातं आणि काहीच बिघडत नाही. धोका आहे तो अचानक जाण्यात. राखीव मशीन पडल्यामुळे चालू मशीन बंद पडावं, अशी ही रोज रात्रीची अवस्था होती.

त्यामुळे कामाची दिशा आजच ठरली. सेवा बंद पडली तर काट्यावरचा क्लार्क मिनिटभरात फोन करतोच, त्यासाठी वेगळी यंत्रणा उभारायची गरज नाही. देखरेखीने सांगायचं ते एवढंच: या क्षणी चालू नोड गेला तर दुसरा उभा राहील का?

९ सप्टेंबर

विटनेस स्टोरेजवरच्या डिस्कवर आणला. एक जीबीचा छोटा लन (स्टोरेजमधून वेगळी काढून दिलेली डिस्क) काढला (किमान ५१२ एमबी लागतो), एनटीएफएस फॉरमॅट केला, ड्राइव्हचं अक्षर दिलं नाही. सेट-क्लस्टरक्वोरममध्ये डिस्क विटनेस दिला आणि जुना शेअर काढून टाकला. खर्च शून्य, वेळ चहा प्यायला लागतो तेवढा.

विटनेस स्टोरेजपासून वेगळा ठेवावा असं बऱ्याचदा सांगितलं जातं, आणि दोन ठिकाणी पसरलेल्या क्लस्टरला ते बरोबरच आहे. आमचा डेटाबेस त्याच एका स्टोरेजवर आहे. स्टोरेज गेलं तर क्वोरम वाचूनही वाचवायला काही उरत नाही. मात्र क्लाउड विटनेसचा मोह टाळला. कारखाना गावाबाहेर आहे, इंटरनेटची केबल रस्त्याच्या कामात तुटते, आणि क्वोरम त्या केबलवर टांगायचा नव्हता.

१३ सप्टेंबर

देखरेखीसाठी झॅबिक्स ७.० घेतलं. जुन्या डेस्कटॉपवर डेबियन, त्यात नवीन एसएसडी टाकली, साधारण अडीच हजार रुपये. हे मशीन मुद्दाम क्लस्टरच्या बाहेर, वेगळ्या यूपीएसवर आणि अकाउंट्स विभागाच्या खोलीत ठेवलं. ज्याच्यावर नजर ठेवायची त्याच्याच रॅकमध्ये नजर ठेवणारा नको.

प्रत्येक नोडवर एक पॉवरशेल स्क्रिप्ट टास्क शेड्यूलरमधून दर मिनिटाला चालते आणि जेसन फाइल लिहिते. झॅबिक्स एजंट (नोडवर बसवलेला झॅबिक्सचा छोटा प्रोग्राम) ती वाचतो. फाइलमध्ये नोडची स्थिती, दोघांचं डायनॅमिकवेट, विटनेसडायनॅमिकवेट, रोलची स्थिती आणि ओनरनोड (रोल आत्ता ज्या नोडवर आहे तो), प्रत्येक रिसोर्सची स्थिती, प्रत्येक नेटवर्क इंटरफेसची स्थिती. स्क्रिप्टसाठी वेगळं खातं काढलं आणि ग्रँट-क्लस्टरॲक्सेसने त्याला फक्त वाचायचा अधिकार दिला. देखरेखीच्या खात्याला रोल हलवता येता कामा नये.

एका ठिकाणी थांबावं लागलं. डेटाबेसच्या डिस्कवर मोकळी जागा किती, हे नोड १ च्या होस्टवर (झॅबिक्समधली त्या मशीनची नोंद) लावलं होतं. रोल हलवून पाहिल्यावर तो आयटम (झॅबिक्समधलं एक मोजमाप) ‘नॉट सपोर्टेड’ झाला, कारण डिस्क नोड १ वर दिसेनाशी झाली. अलर्ट नाही, आलेखही तिथेच तुटला. सामायिक गोष्टींसाठी क्लस्टरच्या व्हर्च्युअल नावाचा (जे रोलबरोबर नोड बदलतं) तिसरा होस्ट झॅबिक्समध्ये केला. एजंट सर्व आयपींवर ऐकत असल्याने व्हर्च्युअल आयपीवर जो मालक नोड असेल तोच उत्तर देतो.

१६ सप्टेंबर

आजची नोंद सगळ्यात काळजीपूर्वक वाचावी.

नोड २ वरची क्लस्टर सेवा मुद्दाम बंद केली. नोड १ च्या होस्टने दोन मिनिटांत ओरड केली, ठीक. नोड २ चा स्वतःचा होस्ट मात्र हिरवाच राहिला. क्लस्टर सेवा बंद असल्यावर गेट-क्लस्टरनोड लगेच एरर देतो, स्क्रिप्ट तिथेच संपते आणि फाइल लिहिली जात नाही. जुनी फाइल जागेवरच. एजंट इमानाने तीच वाचत राहतो: सगळं ठीक, सगळं ठीक.

दुसरी तऱ्हा याहून वाईट निघाली. क्लस्टरला विचारलेला प्रश्न कधी कधी अडकूनच बसतो, एररही येत नाही. टास्क शेड्यूलरचं मूळ सेटिंग असं की आधीची फेरी चालू असेल तर नवी सुरू करायची नाही, आणि अडकलेली फेरी तीन दिवसांनी थांबवायची. म्हणजे एकदा अडकलं की तीन दिवस शिळी हिरवी फाइल. हे व्हर्च्युअल लॅबमध्ये स्क्रिप्टला जाणूनबुजून झोपवून पडताळलं.

उपाय तीन केले. स्क्रिप्टमध्ये प्रत्येक चूक पकडून फाइलमध्ये ‘विचारता आलं नाही’ ही स्थिती लिहायची. माहिती नसणं ही सुद्धा एक स्थितीच आहे. टास्कच्या एक्सएमएलमध्ये चालण्याची मर्यादा एक मिनिट केली. आणि झॅबिक्समध्ये फाइल बदलल्याची वेळ तपासणारा ट्रिगर (अलर्ट वाजवणारा नियम) लावला: तीन मिनिटांहून जुनी असेल तर तो मोठा अलर्ट, नोड पडल्याच्या बरोबरीचा. एजंटच गप्प बसला तर त्यासाठी ‘नो डेटा’ (माहितीच आली नाही) हा ट्रिगर वेगळा. प्रत्येक ट्रिगर खरोखर वाजतो का हे ती ती गोष्ट बंद करून पाहिलं. हे सगळं संध्याकाळपर्यंत पुरलं, पण या दिवसाशिवाय बाकीच्या कामाला अर्थ नव्हता.

२२ सप्टेंबर

इव्हेंट लॉग. झॅबिक्समध्ये लॉग वाचणारा आयटम ‘ॲक्टिव्ह’ प्रकारचाच असावा लागतो. तो व्हर्च्युअल नावाच्या होस्टवर लावला तर काहीच येत नाही, कारण एजंट स्वतःची ओळख नोडच्या नावाने देतो. लॉग दोन्ही नोडवर वेगवेगळा लावायचा, एवढं लक्षात ठेवावं.

कुठल्या इव्हेंटला रात्री उठवायचं, यावर विचार करावा लागला. ११३५ (नोड सदस्यत्वातून बाहेर), ११७७ (क्वोरम गेला), १०६९ (रिसोर्स फेल), १२०५ (रोल पूर्ण ऑनलाइन आला नाही), १२५४ (रोलने फेलओव्हरची मर्यादा ओलांडली) हे फोन वाजवणारे. ११४६ आणि १२३० हेही त्यातच: रिसोर्स होस्टिंगची प्रक्रिया अडकली किंवा मारली गेली असं ते सांगतात, आणि बऱ्याचदा मोठ्या बिघाडाआधी स्टोरेज संथ झाल्याची ती पहिली खूण असते. ११२७ आणि ११२९ नेटवर्कचे, ते सकाळपर्यंत थांबू शकतात, पण ठरलेल्या माणसाने बघायचेच. ११९६ म्हणजे नेटवर्क नेमची डीएनएसमध्ये नोंद झाली नाही. आज काही बिघडत नाही म्हणून तो सोडून देतात, आणि पुढे कधी आयपी बदलला की क्लायंट जुन्या पत्त्यावर धडकत राहतात.

थोडा वेळ वाया गेला तो असा. गेट-क्लस्टरलॉगने काढलेला लॉग इव्हेंट व्ह्यूअरशी जुळेना. सकाळी साडेअकराची घटना लॉगमध्ये सहाला. क्लस्टर लॉग मुळात यूटीसीमध्ये असतो, आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे. यूज-लोकल-टाइम हा पर्याय दिला की भारतीय वेळ मिळते. तोवर मी चुकीच्या तासाच्या ओळी चाळत होतो.

२९ सप्टेंबर

आता मूळ प्रश्न: नोड २ भार घेऊ शकेल का? क्लस्टरच्या दृष्टीने ‘अप’ म्हणजे क्लस्टर सेवा चालू आहे आणि हार्टबीट (नोडांनी एकमेकांना ‘मी आहे’ असं कळवणारा संदेश) येतोय. एसक्यूएल तिथे उठेल की नाही, हे क्लस्टर उठवायला गेल्याशिवाय सांगत नाही. चालू नोडवर एसक्यूएलची तब्येत एसपी-सर्व्हर-डायग्नोस्टिक्स सतत सांगत असते, राखीव नोडवर सांगायला काहीच चालू नसतं. म्हणून राखीव नोडवर हाताने बघत गेलो, आणि जे सापडलं त्याची तपासणी स्क्रिप्टमध्ये घातली.

स्टोरेजचे रस्ते. एमपीक्लेम चालवून पाहिलं तर नोड १ ला प्रत्येक डिस्कसाठी दोन रस्ते, नोड २ ला एकच. दुसरं आयस्कझी सेशन कधीतरी सर्व्हर रीस्टार्ट झाल्यावर परत जोडलं गेलं नव्हतं, कारण ते ‘आवडत्या टार्गेट’च्या यादीत घातलेलं नव्हतं. ज्या दिवशी नोड १ पडेल त्या दिवशी नोड २ एकाच केबलवर असता. रस्त्यांची संख्या आता दोन्ही नोडवर मोजली जाते. दोनपेक्षा कमी झाली की अलर्ट.

मेमरी. नोड २ वर सीसीटीव्ही रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर कुणीतरी बसवलं होतं. “तो सर्व्हर तर रिकामाच असतो ना साहेब,” असं उत्तर मिळालं, आणि बाहेरून बघणाऱ्याला ते तसंच दिसणार. पण ते सॉफ्टवेअर मेमरीचा मोठा हिस्सा धरून बसलं होतं, आणि एसक्यूएलची कमाल मेमरी नोड १ च्या हिशेबाने ठरवलेली. रोल इथे आला असता तर दोघांची ओढाताण झाली असती आणि काटा चालू असूनही स्लिप निघायला वेळ लागला असता. संचालकांपुढे विषय मांडून सीसीटीव्हीसाठी वेगळं मशीन मंजूर करून घेतलं. रिकामा दिसणारा नोड रिकामा ठेवण्यासाठीच विकत घेतलेला आहे, हे समजावण्यात तांत्रिक कामापेक्षा जास्त वेळ गेला, पण तो सत्कारणी लागला. राखीव नोडवरची मोकळी मेमरी एसक्यूएलच्या ठरवलेल्या मर्यादेपेक्षा कमी झाली की आता अलर्ट येतो.

आवृत्त्या. एसक्यूएलचा बिल्ड नंबर दोन्ही नोडवर वेगळा. नोड २ वर नवीन अपडेट, नोड १ वर ते राहून गेलेलं. फेलओव्हर झाला की डेटाबेसवर अपग्रेडच्या स्क्रिप्ट चालतात आणि नेमक्या आणीबाणीत सुरू व्हायला उशीर होतो. दोन्ही सारखे करून घेतले. स्क्रिप्ट दोन्हीकडच्या एसक्यूएल फाइलची आवृत्ती वाचते. वेगळी असेल तर दिवसाचा साधा अलर्ट.

टेस्ट-क्लस्टर पूर्ण चालवायचा विचार होता. त्यातल्या स्टोरेजच्या चाचण्या डिस्क ऑफलाइन घेऊ शकतात, म्हणून चालू रोलवर त्या वगळूनच चालवावं. बाकीचा अहवाल विंडोजच्या क्लस्टर रिपोर्ट्स फोल्डरमध्ये मिळतो. त्यात फर्मवेअरचा एक फरक निघाला, तो दुरुस्त केला.

६ ऑक्टोबर

हार्टबीट. आमच्या क्लस्टरमध्ये दर सेकंदाला एक हार्टबीट जातो आणि सलग दहा हुकले की नोड बाहेर काढला जातो.  नेटएफटी हार्टबीटच्या गटातला ‘मिसिंग हार्टबीट्स’ हा परफॉर्मन्स काउंटर आठवडाभर नोंदवला. दिवसा शून्य. रात्री बॅकअप कॉपी होताना पाच, सहा, एकदा सात. म्हणजे दहाच्या काठावर रोज रात्री, आणि कुणाला पत्ता नाही.

मर्यादा वीस करा, असा सल्ला सहज मिळतो. मी ती वाढवली नाही. वाढवली तर खरा नोड पडल्यावर क्लस्टर तेवढे जास्त सेकंद वाट बघणार, आणि गर्दी झालेलं नेटवर्क तसंच राहणार. मूळ अडचण अशी की हार्टबीटची दोन्ही नेटवर्क वेगवेगळ्या व्हीलॅनवर (एकाच स्विचवर पाडलेले नेटवर्कचे कप्पे) असली तरी एकाच स्विचमधून आणि एकाच कार्डावरून जात होती. दोन्ही सर्व्हरमधल्या मोकळ्या पोर्टमध्ये थेट केबल टाकली. गेटवे दिला नाही, त्यामुळे क्लस्टरने ते नेटवर्क आपोआप फक्त अंतर्गत कामासाठी धरलं. त्या कार्डावर डीएनएस नोंदणी बंद केली, नाहीतर क्लायंटला तो पत्ता मिळून घोळ होतो. आयस्कझीची नेटवर्क क्लस्टरच्या वापरातून वगळली. बॅकअपचा वेग मर्यादित केला. हार्टबीट चारच्या वर हुकले की इशारा येतो.

केबलचा खर्च दोनशे रुपयांच्या आत.

१७ ऑक्टोबर

टर्बाइनची चाचणी. कारखान्याचा भार बाहेरच्या विजेवरून स्वतःच्या टर्बाइनवर घेताना क्षणभर झटका बसला. दोन्ही सर्व्हर यूपीएसवर, स्टोरेज यूपीएसवर, मधला मुख्य स्विच मात्र भिंतीवरच्या साध्या प्लगवर. स्विच रीस्टार्ट झाला, पूर्ण सुरू व्हायला दीड-दोन मिनिटं लागली.

थेट केबलमुळे हार्टबीट तुटला नाही, नोड २ बाहेर पडला नाही. पण नोड १ चं क्लायंटकडचं कार्ड लिंक गमावून बसलं, आयपीचा रिसोर्स फेल (१०६९), रोल नोड २ वर गेला, तिथेही लिंक नाही, तिथेही फेल. दोन नोडच्या क्लस्टरमध्ये मूळ मर्यादा सहा तासांत एक फेलओव्हर. ती ओलांडली (१२५४) आणि रोल ‘फेल्ड’ होऊन पडून राहिला. स्विच आला, नेटवर्क आलं, रोल मात्र तिथेच. अशा रिसोर्सला पुन्हा उठवायचा प्रयत्न मूळ सेटिंगप्रमाणे एक तासाने होतो. मी जाऊन हाताने ऑनलाइन आणला. दीड मिनिटाच्या झटक्याची किंमत हंगामात तासाभराची रांग झाली असती.

अलर्टचं काय झालं, तेही लिहायला हवं. टेलिग्रामवर येणारा संदेश त्याच स्विचमधून बाहेर जाणार होता. तो स्विच उठल्यानंतर आला, तोवर काट्यावरून फोन येऊन गेला होता.

इलेक्ट्रिकल सुपरवायझरांबरोबर बसून स्विच यूपीएसच्या रांगेत घेतला. हाच बदल आधी केला असता तर बाकीचं काहीच घडलं नसतं. क्लस्टरची तपासणी करताना सर्व्हरच्या मागच्या वायरी कुठून येतात हे चालत जाऊन बघावं. दुसरा स्विच घेण्याचा प्रस्ताव दिला आहे. फेलओव्हरची मर्यादा वाढवून तीन केली आणि पुन्हा प्रयत्नाचा काळ एक तासावरून दहा मिनिटांवर आणला. मर्यादा अमर्याद करू नये. खरंच बिघडलेला डेटाबेस दोन नोडमध्ये टोलवत राहणं हे बंद पडण्यापेक्षा वाईट.

२५ ऑक्टोबर

दिवाळी झाली. अलर्टचा दुसरा रस्ता. एसएमएस गेटवे वापरायचा तर डीएलटीवर (व्यावसायिक एसएमएससाठीची नोंदणी यंत्रणा) संस्थेची, सेंडर आयडीची आणि प्रत्येक मजकुराच्या साच्याची नोंदणी लागते. ते काम कागदोपत्री चालू आहे, पण त्यावर अवलंबून राहता येत नाही; शिवाय गेटवेलाही इंटरनेट लागतंच. झॅबिक्सच्या मशीनला यूएसबी जीएसएम मॉडेम लावला, साध्या प्रीपेड सिमसकट साडेतीन हजारांच्या आत. गाम्मू या प्रोग्राममधून स्क्रिप्टने एसएमएस जातो, इंटरनेट असो वा नसो. देवनागरी एसएमएसमध्ये एका संदेशाला ७० अक्षरं मिळतात, म्हणून मजकूर तोडून तोडून लहान केला: ‘काटा बंद. रोल फेल.’, ‘काटा चालू. राखीव नोड नाही.’, ‘माहिती येत नाही, नोड २.’ रात्रीच्या पाळीतल्या माणसाला हे वाचून काय करायचं ते कळतं. इंग्रजी एरर जशीच्या तशी पाठवली होती तेव्हा सगळे मलाच फोन करून अर्थ विचारत.

सिमचा रिचार्ज संपण्याची तारीखही झॅबिक्समध्ये घातली. रोज सकाळी आठला एक ‘ठीक’ संदेश येतो; तो आला नाही तरी तीही खबरच.

२८ ऑक्टोबर

खरी चाचणी. बॅकअप घेऊन तो दुसऱ्या मशीनवर रिस्टोअर करून पाहिला, मगच हात घातला. आधी मूव्ह-क्लस्टरग्रुपने रोल रीतसर हलवला: चाळीस सेकंदांच्या आत काटा पुन्हा चालू. हे कुठल्याही क्लस्टरमध्ये जमतं, ४ सप्टेंबरच्या अवस्थेतही जमलं असतं. म्हणून नंतर नोड १ च्या दोन्ही पॉवर केबल एकदम ओढल्या (सर्व्हरला दोन पॉवर सप्लाय असतात, एक ओढून काही कळत नाही). हार्टबीटचे दहा सेकंद, डिस्कचा ताबा, एसक्यूएलची सुरुवात, डेटाबेसची रिकव्हरी: सव्वा मिनिटाच्या आसपास.

दोन जुने काटे परत आले. कॅमेरा लावलेला नवा काटा मात्र गोठला. डेटाबेसशी त्याचं कनेक्शन व्यवस्थित होतं. पण वजनाच्या वेळी काढलेला गाडीचा फोटो तो नोड १ च्या स्वतःच्या डिस्कवरच्या शेअर फोल्डरमध्ये टाकत होता. तो फोल्डर क्लस्टरचा भागच नाही, त्यामुळे नोड १ बरोबर तोही गेला, आणि प्रोग्राम फोटो लिहिण्याची वाट बघत बसला. फोटो आता वेगळ्या नॅसवर (नेटवर्कवरचं स्वतंत्र साठवणीचं यंत्र) जातात. अशी आणखी गाठ कुठे आहे का हे शोधायला दोन्ही नोडवर गेट-एसएमबीसेशन चालवलं. नोडच्या खऱ्या नावाने कुणी क्लायंट जोडलेला दिसला की तो फेलओव्हरमध्ये तुटणार, हे नक्की. ही तपासणीही आता रोजची.

केबल ओढण्याचे प्रयोग लागोपाठ करत गेल्यावर नोड १ परत येईना. स्थिती ‘डाउन’, सेवा सुरू केली तरी सामील होईना. कारण स्टेटसइन्फर्मेशनमध्ये होतं: क्वारंटाइन. तासाभरात तीन वेळा अचानक बाहेर पडलेल्या नोडला क्लस्टर दोन तास आत घेत नाही. स्टार्ट-क्लस्टरनोडला क्लिअर-क्वारंटाइन देऊन सोडवला. आमची स्क्रिप्ट फक्त स्टेट वाचत होती. आता दोन्ही वाचते, कारण ‘डाउन’ आणि ‘क्वारंटाइन’ यांवर करायच्या गोष्टी वेगळ्या आहेत.

११ नोव्हेंबर

हंगाम सुरू. पहाटे एसएमएस: ‘काटा चालू. राखीव नोड नाही.’ नोड १ मेमरीच्या दुरुस्त न होणाऱ्या एररने बंद पडला होता, रोल नोड २ वर गेला होता. काट्यावरच्या क्लार्कच्या म्हणण्यानुसार स्लिप जरा थांबून निघाली, एवढंच. नोड २ ला दोन्ही रस्ते, पूर्ण मेमरी, तोच बिल्ड.

पूर्वी असं झालं असतं तर काटा चालू आहे म्हणून कुणी वर बघितलंच नसतं, आणि दुसरा बिघाड होईपर्यंत एकाच नोडवर काम चाललं असतं. आता ‘राखीव नोड नाही’ हा संदेश दुरुस्ती होईपर्यंत दर चार तासांनी येतो, आणि एका दिवसानंतर कार्यकारी संचालकांनाही जातो. त्यामुळे मेमरीची खरेदी नेहमीच्या मंजुरीच्या रांगेत अडकली नाही.

दोन गोष्टी आज दुरुस्त केल्या. विटनेसचं मत शून्य झाल्याचा अलर्टही सोबत वाजला. एकच नोड उरल्यावर विटनेसचं मत शून्य होणं हे डायनॅमिक क्वोरमचं बरोबर वागणं आहे, म्हणून तो ट्रिगर दोन्ही नोड ‘अप’ असतानाच वाजेल असा केला. आणि राखीव नोडच्या सगळ्या तपासण्या ‘नोड २’ असं नाव धरून लिहिलेल्या होत्या. नोड १ परत आल्यावर राखीव तोच असणार आहे; मूळ सेटिंगप्रमाणे रोल आपोआप परत फिरत नाही, आणि हंगामात तो उगाच हलवणारही नाही. त्यामुळे राखीव कोण हे स्क्रिप्ट आता ओनरनोड वाचून ठरवते.

बाकी राहिलेलं: दुसरा स्विच, डीएलटीची मंजुरी, आणि स्टोरेज. स्टोरेज एकच आहे, त्याच्या दोन्ही कंट्रोलरची स्थिती एसएनएमपीने वाचायचं काम अर्धं झालंय. एक कंट्रोलर मुद्दाम बंद करून बघायची चाचणी हंगाम संपल्यावर, काटा थांबलेला असताना.